बीपी बरोबर दिसतंय? आधी तिचा हात धरून बघा

लेबर रूममध्ये नव्यानं लागलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या रात्रपाळीला मी एकच गोष्ट शिकवते. बाळंतीण टेबलावरून कॉटवर आली की आधी तिचा हात हातात घ्यायचा, बीपीचा पट्टा मग गुंडाळायचा. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी सत्तावीस वर्षं सिस्टर आहे आणि हा क्रम मी पुस्तकातून शिकलेले नाही.

२००३ चा पावसाळा. रात्रीचे अडीच वाजले होते. चोवीस वर्षांची पोर, दुसरं बाळंतपण. बाळ रडलं, वार अख्खी पडली, सगळं सरळ झालं. बाळंतपणानंतरचं पहिलं बीपी ११४/७२, पल्स ८८. वीस मिनिटांनी परत घेतलं तर ११०/८४, पल्स ११८. मी पेपरवर "बीपी नॉर्मल" लिहिलं आणि बाळाचं वजन करायला वळले. तिनं दोनदा पाणी मागितलं, "सिस्टर, घसा सुकलाय हो." मावशी म्हणाल्या, "हिचे हात गार पडलेत." बाहेर धो धो पाऊस, खिडकीची काच फुटकी. मी तिच्या अंगावर दुसरं ब्लँकेट टाकलं. पंधरा मिनिटांनी वरचा आकडा ७० आणि खालचा ऐकूच येईना. ब्लँकेट उचललं तेव्हा खालची कापडाची घडी भिजून गादीत ओल उतरली होती. त्या ब्लँकेटनं थंडी झाकली नाही, रक्त झाकलं.

ती वाचली. पण त्या वीस मिनिटांत तिचं शरीर मला सगळं सांगत होतं आणि मला ती भाषा येत नव्हती. ती भाषा हार्मोनांची. ती कशी वाचायची आणि वाचल्यावर काय करायचं, ते इथे लिहिते आहे. लिहिते सिस्टर मुलींसाठी, पण बाळंतिणीच्या उशाशी बसणाऱ्या आईनं, सासूनं, आशाताईनं वाचलं तरी उपयोग होईल.

आधी एक हिशेब

पन्नास किलोच्या बाईच्या अंगात एरवी साडेतीन लिटरच्या आसपास रक्त असतं. नऊ महिन्यांत त्यात चाळीसेक टक्क्यांची भर पडते, म्हणजे जवळपास ५ लिटर होतं. निसर्गानं ही शिल्लक बाळंतपणासाठीच टाकलेली असते, म्हणून अर्धा लिटर गेलं तरी धडधाकट बाई हसून बोलत असते. एकूण रक्ताच्या १५ टक्क्यांपर्यंत गेलं तर बहुतेक काहीच दिसत नाही. १५ ते ३० टक्क्यांत पल्स वाढते, हात गार पडतात, पण वरचा बीपी बहुतेकदा जागच्या जागी असतो. तो कोसळतो ३० टक्क्यांच्या पुढे. म्हणजे बीपी पडेपर्यंत थांबलात तर दीड लिटर रक्त जाण्याची वाट पाहिलीत.

मग तोवर बीपी धरून कोण ठेवतं?

पहिली काही सेकंदं: ॲड्रिनलिन

मानेतल्या मोठ्या धमनीच्या फाट्यापाशी आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत ताण मोजणारे तंतू असतात. रक्त कमी झालं की भिंतींवरचा ताण सैल पडतो आणि मेंदूकडे जाणारे त्यांचे संदेश कमी होतात. मेंदू लगेच दोन गोष्टी करतो. हृदयाला आवरून धरणारी व्हेगस नावाची नस ढिली सोडतो, आणि संकटात शरीराला सावध करणाऱ्या सिंपथेटिक नसांना जागं करतो. या नसा आपल्या टोकांतून नॉरॲड्रिनलिन सोडतात. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना धक्का बसतो आणि त्यांच्या गाभ्यातून ॲड्रिनलिन रक्तात येतं, सोबत थोडं नॉरॲड्रिनलिन. हे सगळं काही सेकंदांत.

ही दोघं काय करतात ते आमच्याकडच्या बायकांना मी पाण्यावरून समजावते. कोकणात पाऊस एवढा, तरी मे महिन्यात विहिरी तळाला जातात. पाणी कमी झालं की घरातली बाई आधी अंगणात शिंपडणं बंद करते, मग कपडे, मग अंघोळी. पिण्याची कळशी मात्र शेवटपर्यंत राखते. शरीर तेच करतं. आधी कातडीचं रक्त तोडतं, मग आतड्यांचं, मग मूत्रपिंडांचं. हृदय आणि मेंदू या दोन कळश्या शेवटपर्यंत भरलेल्या ठेवते ती नॉरॲड्रिनलिनची मूठ. ती शिरासुद्धा आवळते, आणि हे फार मोठं काम आहे, कारण शरीरातलं बरंचसं रक्त शिरांमध्येच साठलेलं असतं. शिरा आवळल्या की ते रक्त हृदयाकडे ढकललं जातं. हृदयावर दोघांचा परिणाम एकच, ठोके भरभर आणि जोरकस.

म्हणजे हात गार पडणं हा थंडीचा परिणाम नव्हता. तिचं शरीर कातडीचा नळ बंद करत होतं. कपाळावरचा, वरच्या ओठावरचा चिकट घाम हेही त्याच सिंपथेटिक नसांचं काम. गरमीचा घाम आला तर कातडी उबदार लागते. थंड कातडीवर घाम दिसला तर जागचं हलायचं नाही.

आता हात कसा धरायचा ते. आपली बोटं नाही, हाताची पाठ लावायची, ती जास्त कळवते. आधी तिच्या बोटांच्या टोकांना, मग तळव्याला, मनगटाला, तिथून कोपराकडे सरकवत न्यायची. गारवा कुठे संपतो आणि ऊब कुठे सुरू होते ती रेघ शोधायची आणि पेपरवर शब्दांत लिहायची, "बोटं गार", "मनगटापर्यंत गार", "कोपरापर्यंत गार". दहा मिनिटांनी परत. रेघ वर सरकतेय की खाली, एवढं पाहायचं. मग तिच्या बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडायचं आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघायचा. पांढरं पडलेलं बोट दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. तीनच्या पुढे गेलं तर मूठ घट्ट आवळलेली आहे. नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर हे ओठावर किंवा छातीच्या हाडावर बघा. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला रंगवलेली नखं पुसायला तेव्हा वेळ नसतो.

बीपीचा खालचा आकडा वाचायला शिका

सगळे वरचा आकडा वाचतात. मीही तेच केलं होतं. ११४ चा ११० झाला, चार आकड्यांनी काय होतं?

खालचा आकडा म्हणजे हृदय क्षणभर विसावतं तेव्हा रक्ताच्या नळ्यांत उरलेला दाब. नळ्या आवळल्या की तो चढतो. वरच्यातून खालचा वजा करा. जे उरतं त्यावरून हृदय एका ठोक्याला किती रक्त फेकतंय याचा अंदाज येतो. माझ्या पेशंटचे आकडे परत बघा. आधी ११४ वजा ७२, म्हणजे ४२. वीस मिनिटांनी ११० वजा ८४, म्हणजे २६. वरचा आकडा जेमतेम हलला, पण फरक निम्म्याच्या जवळ आला. हृदयात परत येणारं रक्तच आटलं होतं. नॉरॲड्रिनलिननं नळ्या आवळून बीपी वर धरलं होतं आणि मी त्या आकड्याला "नॉर्मल" म्हटलं. फरक वरच्या आकड्याच्या पावपट किंवा त्याहून कमी झाला तर धोका समजा. तिचा तो पावपटीच्याही खाली गेला होता.

दुसरा हिशेब याहून सोपा. पल्सला वरच्या बीपीनं भागायचं. याला शॉक इंडेक्स म्हणतात, शॉक म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होणं. तिचा आधी ८८ भागिले ११४, म्हणजे ०.७७. नंतर ११८ भागिले ११०, म्हणजे १.०७. बाळंतिणीत ०.९ किंवा पुढे गेला की डॉक्टरांना उठवायचं, १.७ म्हणजे जीव टांगणीला. भागाकार जमत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: पल्सचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याच्या पुढे गेला की हाक मारायची. हे अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीलाही जमतं आणि रात्री तीन वाजता थकलेल्या डोक्यालाही.

पुढची काही मिनिटं: तहान आणि लघवी

ॲड्रिनलिनचा जोर मोठा, पण रक्तात ते दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. ग्रंथीला सतत ओतत राहावं लागतं. तेवढ्यात मागून दुसरी फळी येते.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन सुटतं. त्याचं नावच सांगतं की ते नळ्या आवळतं, आणि मूत्रपिंडाला म्हणतं, पाणी सोडू नकोस. तिकडे मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की ते रेनिन सोडतं. रेनिन यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं, फुफ्फुसातलं एक एन्झाइम त्याला आणखी छाटतं, आणि अँजिओटेन्सिन टू तयार होतं. हे आवळण्यात फार ताकदवान. शिवाय ते मेंदूला तहान लावतं आणि ॲड्रिनलच्या सालीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन मीठ राखतं, मिठामागे पाणी राहतं. पण त्याचं काम तासांच्या हिशेबात, लेबर रूमच्या पहिल्या अर्ध्या तासात त्याची मदत धरू नका.

"घसा सुकलाय हो" म्हणजे अँजिओटेन्सिन बोलत होतं. बाळंतपणात घाम गाळलेली बाई पाणी मागतेच, मान्य. पण पिऊनही परत परत मागते, हात गार आहेत, पल्स चढलीय, तर ती रक्ताची तहान. अशा वेळी तांब्याभर पाणी पाजू नका. तिला भूल द्यावी लागली तर पोटातलं पाणी उलटून छातीत जाईल. ओला बोळा ओठांवर फिरवा, आणि शिरेतून सलाईन द्या.

लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे नळी, घाला. तासाला ३० मिलीच्या खाली गेली तर मूत्रपिंडाची कळशी आटायला लागली समजा. मूत्राशय रिकामं झालं की गर्भपिशवीलाही आवळायला जागा मिळते. पण लघवी मोजायला तास लागतो आणि बाळंतीण तासाची वाट बघत नाही. ती खूण उपचाराचा गुण येतोय का हे बघायला धरा, धोका ओळखायला हातच.

ॲड्रिनलच्या सालीतलंच दुसरं हार्मोन, कॉर्टिसॉल, तेही याच काळात चढतं. त्याचं काम दिसत नाही, पण ते नसेल तर नळ्या नॉरॲड्रिनलिनचं ऐकतच नाहीत. साखरही वाढवतं. शॉकमधल्या बाईची साखर २०० दिसली म्हणून तिला मधुमेही ठरवून मोकळं होऊ नका. ते शरीर जळण बाहेर काढतंय.

ज्यांच्या अंगावर या खुणा उमटत नाहीत

माझ्या मते हा या लेखाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण वर सांगितलेलं सगळं पाठ करूनही इथे माणूस फसतो.

पहिली, बीपीची बाळंतीण. गरोदरपणात हिचं १६०/१०० असायचं. रक्त गेल्यावर ११०/७० झालं. अख्खी खोली म्हणते, "बरं झालं, बीपी उतरलं." अहो, हिच्यासाठी ११० म्हणजे कोसळणं आहे! त्यात या बायकांच्या रक्तातला पाण्याचा अंश आधीच आटलेला असतो, ती चाळीस टक्क्यांची शिल्लक हिच्याकडे नसते. आणि तिला बीपीसाठी लॅबेटॅलॉल चालू असतं. ते औषध ॲड्रिनलिनचा हृदयाच्या दारावरचा ठोठावा ऐकूच देत नाही. रक्त जातंय, ॲड्रिनलिन ओतलं जातंय, तरी पल्स ८५. इथे शॉक इंडेक्सही फसवतो. अशा बाईचं आधीचं बीपी पेपरच्या डोक्यावर लाल पेननं लिहून ठेवा आणि प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडा, पुस्तकातल्या १२०/८० शी नाही.

दुसरी, हिमोग्लोबिन सहाची बाई. आमच्याकडे अशा येतात. तिचं हृदय आधीच भरभर पळत असतं, म्हणून चढलेली पल्स "तिची नेहमीचीच" वाटते. हिला ३०० मिलीदेखील जड जातं.

तिसरी, कंबरेतून भूल देऊन सिझेरियन झालेली. भुलेनं खालच्या अंगाच्या सिंपथेटिक नसा झोपतात, नळ्या आवळणार कोण? हिचे पाय रक्त जात असतानाही उबदार लागतात. म्हणून मी पाय धरू नका, हात धरा म्हणते.

चौथी, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या खाणारी. नाव माहीत नसलेल्या "ताकदीच्या गोळ्या" गावोगाव मिळतात. बाहेरून कॉर्टिसॉल मिळत राहिलं की ॲड्रिनल स्वतःचं बनवणं विसरते आणि ऐन वेळी हात वर करते. नातेवाइकांना सरळ विचारा, "हिला कुठल्या गोळ्या रोज चालू होत्या का? पुडी दाखवा." सलाईन, रक्त देऊनही बीपी उठत नसेल तर हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा, हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधातलं कॉर्टिसॉल, लागू शकतं.

आणि एक खूण जिनं मला एकदा क्षणभर आनंद दिला होता. १३० ची पल्स अचानक ६० वर येते. रक्त थांबलं, हृदय शांत झालं असं वाटतं. पण रक्त जातच असेल तर जवळजवळ रिकामं हृदय आपल्याच पोकळ भिंतींवर आवळतं आणि उलट संदेश जातो, ठोके मंदावतात. बाई तेव्हा हाक दिली तरी उशिरा ओ देते. ती शांतता नव्हे.

इथे थोडं विषयांतर करते, कारण कोकणातल्या माणसाला विंचवाशिवाय हा विषय कळत नाही. लाल विंचू चावला की रक्ताचा थेंबही न सांडता शरीरात हाच ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिनचा लोंढा सुटतो. घाम, गार हातपाय, हृदयावर ताण, फुफ्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी नळ्यांची ही मूठ सोडवणारं प्राझोसिन वापरून विंचूदंशाचे मृत्यू रोखून दाखवले. तिथेही हातपाय उबदार होऊ लागले की पेशंट सुधारतोय असं धरतात. पण विंचवात मूठ सोडवायची असते, कारण नळ्यांत रक्त भरपूर असतं. रक्तस्रावात मूठ हीच शेवटची आशा. खूण तीच, उपाय उलट.

हृदय किती वेळ पळेल

मुली विचारतात, हार्मोन एवढं सांभाळतायत तर घाई कशाची? घाई अशी, की हे सगळं उसनं आहे. हृदय स्वतःला रक्त पाजतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. पल्स १४० झाली की तो विसावा आखडतो. भरायला वेळ नाही, प्यायला वेळ नाही, आणि वरून ॲड्रिनलिनचा चाबूक. तिकडे कातडी, आतडी, स्नायू रक्तावाचून आम्ल तयार करतात. रक्त आंबट झालं की हृदय आणि नळ्या ॲड्रिनलिनचं ऐकेनाशा होतात. पिट्युटरीतला व्हॅसोप्रेसिनचा साठाही रिता होतो. मग मूठ उघडते. वरचा आकडा मिनिटामिनिटाला खाली येतो, आणि तेव्हा रक्त चढवूनही नळ्या परत आवळत नाहीत. बीपी हळूहळू उतरत नाही, कठडा तुटल्यासारखं खाली जातं, त्याचं कारण हे.

हाताशी काय करायचं

गार हात आणि चढती पल्स दिसली की मदतीला हाक मारा आणि हाक मारता मारता पोटावरून गर्भपिशवी चोळायला लागा. नरम, कणकेच्या गोळ्यासारखी लागली तर तीच गळतेय. कडक होईपर्यंत चोळा. ब्लँकेट उचला, बुडाखाली हात घालून बघा. कापडं वजन करा, एक ग्रॅम वाढ म्हणजे एक मिली रक्त धरा. डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी येतो, माझाही येतो. दोन जाड सुया दोन हातांत, आणि त्याच सुईतून रक्तगटाचा नमुना. मघाशी सांगितलं तशा शिरा आवळत जातात, म्हणून सुई लवकर घाला. अर्ध्या तासानं शीर सापडणार नाही.

ऑक्सिटोसिन हेही पिट्युटरीच्या मागच्या भागातलंच हार्मोन, व्हॅसोप्रेसिनचं सख्खं भावंड. गर्भपिशवी आवळायला याच्यासारखं दुसरं नाही. पण हे एकदम शिरेत ढकललं तर नळ्या सैल करतं आणि बीपी पाडतं. ज्या बाईचं बीपी नॉरॲड्रिनलिनच्या मुठीवर लटकलंय तिची मूठ आपणच उघडायची? म्हणून ते स्नायूत द्या किंवा सलाईनमधून थेंबाथेंबानं, सिरिंजनं शिरेत झपकन कधीच नाही. आणि ते फ्रीजमध्येच ठेवा, २ ते ८ अंशांत. खिडकीपाशी ट्रेमध्ये दिवसभर तापलेल्या अँप्युलवर माझा विश्वास नाही.

रक्ताची गाठ टिकवून धरणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम, दहा मिनिटांत सावकाश, बाळंतपणापासून तीन तासांच्या आत. वीस हजार बायकांवरचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात रक्तस्रावानं होणारे मृत्यू यानं कमी झालेले दिसले, लवकर दिलं तर जास्त. गर्भपिशवी आवळणारी आणखी दोन औषधं आहेत, पण बीपी वाढलेल्या बाईला मिथर्जिन नको, दम्याच्या बाईला कार्बोप्रोस्ट नको. ट्रेवर चिकटपट्टीनं हे लिहून ठेवा.

पुष्कळदा कोणी म्हणतं, नॉरॲड्रिनलिनचा पंप लावा, बीपी येईल. पण तिच्या अंगात ते आधीच ओसंडतंय. कमी आहे ते रक्त. डॉक्टर कधी कधी रक्त येईपर्यंत तात्पुरता टेकू म्हणून लावतात, तो त्यांचा निर्णय. गळती न थांबवता नुसतं बीपी चढवलं तर रक्त अधिक जोरानं वाहतं. "लढा किंवा पळा" ही शरीराची तऱ्हा जगाला सांगणारे वॉल्टर कॅनन पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांमध्ये काम करत होते, त्यांनी १९१८ मध्येच हा इशारा दिला होता. सलाईनही बाटल्यामागून बाटल्या ओतू नका, त्यानं उरलेलं रक्त पातळ आणि गार होतं, गोठायचं बंद होतं. तिला उबदार ठेवा, पण अंगावरचं ब्लँकेट कंबरेपाशी दुमडून, खालचं दिसेल असं. पाय उंच करा. अँटी-शॉक गारमेंट, म्हणजे पाय आणि पोट आवळणारे पट्टे, असतील तर घोट्यापासून वर बांधत या, ते नॉरॲड्रिनलिनचंच काम बाहेरून करतं. आणि १०८ ला फोन याच वेळी, बीपी पडल्यावर नाही.

घरी असाल तर हिशेब साधा. तासाभरात पॅड किंवा कापड पूर्ण भिजलं, हात गार पडले, बाई घाबरीघुबरी झाली किंवा उगाच झोपाळली, तर "बाळंतपणात जातंच अंगावरून" असं कोणी कितीही म्हणालं तरी गाडी बोलवा.

रक्त थांबल्यावर काम संपत नाही

माझ्या त्या पेशंटला जीपमधून जिल्ह्याला नेलं, रक्त चढलं, आठव्या दिवशी ती घरी गेली. दीड वर्षानं लसीकरणाच्या दिवशी भेटली. चेहरा फिकट, सुजट, आवाज जड. दूध एक दिवसही आलं नव्हतं. सासूनं अहाळिवाची खीर, शतावरी, सगळं करून झालं होतं. कोणी नजर काढली होती. पाळी परत आलीच नव्हती. मे महिन्यात तिला थंडी वाजायची, पाणी भरताना चक्कर यायची. घरचे म्हणायचे, आळशी झालीय.

गरोदरपणात पिट्युटरी ग्रंथी वाढते, कारण तिला दुधाच्या हार्मोनची तयारी करायची असते. पण तिच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा कमी दाबावर चालतो. बीपी कोसळलं की शरीर मेंदूची कळशी राखतं, पण हा वाढलेला तुकडा कोरडा पडतो आणि मरतो. तेव्हा ग्लासगोत काम करणाऱ्या डॉ. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे मांडलं, म्हणून शीहान सिंड्रोम. दुधाचं प्रोलॅक्टिन गेलं, पाळीची हार्मोनं गेली, थायरॉइडला आणि ॲड्रिनलला हुकूम देणारी गेली. अशा बाईला पुढे साधा जुलाबाचा आजार झाला तरी ती शॉकमध्ये जाऊ शकते, कारण कॉर्टिसॉल मागवणाराच उरलेला नाही.

तिच्या तपासण्या झाल्या, निदान झालं. आधी हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलं, मग थायरॉइडची गोळी. हा क्रम उलटा करायचा नसतो. थायरॉइडनं शरीराची गती वाढते आणि अंगात कॉर्टिसॉल नसेल तर बाई कोसळते. महिन्याभरात तिचा आवाज बदलला.

तेव्हापासून मी डिस्चार्ज कार्डाच्या मागे निळ्या पेननं लिहिते: "बाळंतपणात रक्तस्राव, अंदाजे इतके मिली, रक्ताच्या इतक्या पिशव्या, सर्वांत कमी बीपी इतकं." तिसऱ्या दिवशी दूध उतरलं का ते आईला विचारायचं नाही, स्वतः बघायचं. दीड महिन्यानं बाळाच्या पेंटा लसीच्या डोसला ती येते. तेव्हा बाळाला मांडीवर घेण्याआधी कार्ड उलटं करून मागची बाजू वाचायची, आणि मग तिला विचारायचं: दूध आहे का, थंडी वाजते का, उठताना अंधारी येते का. पाळीचं सहा महिन्यांनी विचारा, पाजणारीची तोवर न आली तरी चालतं. दूधच न आलेल्या बाईची तेव्हाही आलेली नसेल तर चिठ्ठी देऊन फिजिशियनकडे पाठवा, आणि चिठ्ठीवर कार्डाच्या मागची ओळ जशीच्या तशी उतरवा.